एफ-फोर

शनिवारी रात्री बहिणीचा फोन आला. "दादा, उद्या जेवायला ये. आणि आलास की जरा त्याच्याशी बोल. तुझंच ऐकतो तो."

'तो' म्हणजे आमचा भाचा. वय वर्षं सोळा, मुक्काम विरार पश्चिम, दहावीच्या कटकटीतून सुटून अकरावीत गेलेला. त्याला क्लासला जायला स्कूटर पाहिजे. बहिणीचं म्हणणं, हा दिवसभर त्या गाड्यांच्या गेममध्ये असतो, उद्या रस्त्यावरही तशीच हाणेल. तेव्हा आधी गेम बंद, मग अठरा पूर्ण, आणि मग स्कूटरचं बघू.

आता या कामगिरीवर माझी नेमणूक म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. घरात कॉम्प्युटर गेमचं व्यसन आणलं कोणी, तर अस्मादिकांनी. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीही बायको झोपली की मी हेडफोन लावून बसतो, हे माझ्या बहिणीला चांगलं ठाऊक आहे. तरी तिने मलाच बोलावलं. का, ते पुढे येईलच.

तर रविवारी गेलो. भाच्याच्या खोलीत अभ्यासाचं टेबल आहे, पण त्यावर अभ्यासाला जागा नाही. टेबलाच्या कडेला एक सेकंडहँड स्टिअरिंग स्क्रूने आवळून बसवलंय, खाली पेडल, आणि पेडल मागे सरकू नयेत म्हणून भिंतीला टेकवलेला जुना पाटा! वरवंटा कुठे गेला ते विचारायचं धाडस मी केलं नाही.

"मामा, मोनॅको लावू?"

लाव म्हटलं. उपदेश करायला आलेल्या माणसाने आधी समोरच्याचं दुखणं समजून घ्यावं, असं आपलं मी मनाला समजावलं. :-)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (आत्या, काकू, हा परिच्छेद तुमच्यासाठी) सांगतो. मोनॅको हा समुद्रकाठचा एक चिमुकला देश. तिथे वर्षातून एकदा गावातलेच रस्ते बंद करून, कडेला लोखंडी कठडे उभे करून फॉर्म्युला वनची शर्यत होते. पहिली झाली १९२९ साली. एक फेरी ३ किलोमीटर ३३७ मीटरची. म्हणजे आपल्याकडे शेअर रिक्षाची एक सीट. त्यात वळणं १९, आणि अशा फेऱ्या ७८. एरवी शर्यतीच्या ट्रॅकवर वळण चुकलं तर बाजूला मोकळी जागा असते, गाडी घरंगळत जाते, चालक शिव्या देत परत येतो. मोनॅकोत बहुतेक ठिकाणी रस्ता संपला की लगेच कठडा. पांढरी रेघ, आणि वीतभरावर लोखंड.

त्यामुळे वेगाचं गणितही वेगळं. इटलीतल्या मोंझाला सर्वांत जलद फेरीची सरासरी ताशी २६० किलोमीटरच्या वर जाते. मोनॅकोत २०२५ साली लँडो नॉरिसने १ मिनिट ९.९५४ सेकंदांची फेरी मारून पहिला नंबर पटकावला, तिची सरासरी जेमतेम १७२ भरते. तरीही चालकाची खरी परीक्षा कुठे म्हणाल, तर बरेचजण मोनॅकोचंच नाव घेतील.

मी बसलो. पहिल्याच वळणावर, सेंट देवोत त्याचं नाव, उजवीकडे वळायचं असतं, मी सरळ कठड्यात. पुढचं चाक निखळून आमच्या देखत टपटप उड्या मारत गेलं.

"अरे, डॅमेज बंद कर ना."

"नाही मामा. डॅमेज बंद केलं की ते मोनॅको राहतच नाही. लोक भिंतीला गाडी घासून वळतात आणि वरून टायमिंग दाखवतात."

मी गप्प बसलो. का, तेही पुढे येईल.

मग त्याने मला शिकवायला घेतलं. आणि खरं सांगतो, मी चाट पडलो. मला वाटलं होतं की तो म्हणेल, इथे दाब, तिथे दाब. तो म्हणाला, "पहिल्या दहा फेऱ्या भिंतीपासून हातभर लांब राहा. टायमिंगकडे बघूच नको. मग हळूहळू वीतभर जवळ जा. एका फेरीत एकच वळण सुधारायचं. सगळी एकदम सुधारायला गेलास की फुटलास."

ब्रेक सरळ रेषेत असतानाच दाबायचा. गाडी वळायला लागली की ब्रेकवरचा पाय अलगद सोडत जायचं. टायरकडे पकड ठरावीकच असते, ती थांबण्यात खर्च केली तर वळायला उरत नाही. घरखर्चासारखंच आहे, एकाच पगारात दोन्ही भागवायचं. आणि नजर? नजर बॉनेटच्या पुढे नाही, भिंतीकडे तर मुळीच नाही. जिथे बाहेर पडायचंय तिथे. भिंतीकडे बघितलंस की हात आपोआप तिकडे वळतात म्हणे.

सेंट देवोतनंतर चढ. चढाच्या टोकाला डावीकडचं मासने, वळण संपतंय संपतंय म्हणता आणखी आवळत जाणारं. मग कसिनोचा चौक. तिथून उताराला रस्त्यात एक उंचवटा आहे, तो टाळायला भले भले उजवीकडून गाडी काढतात. (खड्डा चुकवायची ही कला आपल्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही. या एका जागी माझं टायमिंग भाच्याच्या तोडीस तोड निघालं.) पुढे मिराबो, आणि मग ते प्रसिद्ध हेअरपिन. फॉर्म्युला वनच्या वर्षभरातलं सगळ्यात हळू वळण. ताशी पन्नासच्या आसपास. स्टिअरिंग पार दंडाला दंड लागेपर्यंत फिरवावं लागतं.

"इथे काही कमवायला जाऊ नको," भाचा म्हणाला. "इथे फक्त गमवायचं नाही."

त्यानंतर उजवीकडे पोर्तिए, आणि लगेच बोगदा. बोगद्यात पाय पूर्ण दाबलेला, त्यामुळे पोर्तिएतून बाहेर पडताना जो वेग मिळतो तो पुढे बोगदाभर व्याजासकट मिळत राहतो. म्हणून पोर्तिएला शिरताना थोडं जास्तच हळू व्हायचं, म्हणजे लवकर पाय देता येतो. हे माझ्या डोक्यात शिरायला अर्धा तास गेला. हळू शिरलो की फेरी जलद होते! बोगद्याच्या तोंडाशी एकदम डोळे दिपवणारा उजेड, उतार, आणि गाडी तीनशेला टेकत असताना ब्रेक. मग तबाक, स्विमिंग पूलची नागमोडी वळणं, रास्कास, अँथनी नोघ, आणि फेरी संपली.

माझं टायमिंग १ मिनिट ३१. भाच्याचं १ मिनिट १२. त्याच्या फेरीची पारदर्शक गाडी, तिला गेमवाले भूत म्हणतात, माझ्या पुढे पळत होती आणि मी तिच्या मागे ऊर फुटेस्तोवर धावत होतो. तबाकला परत आपटलो.

"मामा, भुताच्या मागे नको लागू. रस्ता बघ."

सोळा वर्षांचं पोर!

मग दम खायला थोडा वेळ बसलो आणि नुसत्या गप्पा मारल्या. तो सांगत होता की आपल्याकडेही आता रस्त्यावरच्या शर्यती झाल्यात. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादला हुसेनसागरच्या काठी फॉर्म्युला ई ची, म्हणजे विजेवरच्या गाड्यांची शर्यत झाली. २ किलोमीटर ८३५ मीटरचा ट्रॅक, आणि ज्याँ-एरिक व्हर्न जिंकला. पुढच्या वर्षीची मात्र रद्द झाली. २०२४ च्या ऑगस्ट अखेरीस चेन्नईत आयलंड ग्राउंडच्या भोवती रात्रीची शर्यत झाली. मुंबईत शर्यत नाही, पण मार्च २०२३ मध्ये वांद्र्याच्या बँडस्टँडवर डेव्हिड कूलथर्डने रेड बुलची गाडी पळवून दाखवली होती.

"मग वसईत का नको?" मी म्हटलं. "मॅरेथॉनला बंद करतातच की रस्ते."

झालं. कागद घेऊन आम्ही वसई सर्किट आखायला बसलो. सुरुवात पारनाक्याला. तिथून झेंडा बाजार. तिथे पहिलं वळण इतकं अरुंद की ओव्हरटेकिंगचा प्रश्नच मिटला. मग किल्ला. गाडी किल्ल्याच्या दरवाज्यातून आत घालायची की नाही यावर आमचे तीव्र मतभेद झाले. मी म्हटलं, चिमाजी अप्पांना १७३९ साली आत शिरायला केवढी यातायात पडली, तुला एका फेरीत शिरायचंय? शेवटी किल्ला बाहेरूनच घेतला. पापडीला बाजाराच्या दिवशी शर्यत नको, यावर एकमत झालं.

"आणि मग गिरीजवरून निर्मळच्या रस्त्याला नेऊ," भाचा म्हणाला. "तिथे कसली मस्त वळणं आहेत! दोन्ही बाजूंना वाड्यांच्या भिंती. एकदम मोनॅको."

माझ्या हातातली पेन्सिल थांबली.

कारण निर्मळच्या रस्त्याला मोनॅको म्हणणारा तो पहिला नव्हे. चोवीस वर्षांपूर्वी मी म्हटलं होतं.

२००१ साल. मी कॉलेजात. माणिकपूरला एका मित्राकडे कॉम्प्युटर होता आणि त्यावर 'ग्रां प्री २' हा १९९६ चा गेम. (आम्ही ग्रँड प्रिक्स टू म्हणायचो. सीडी अर्थातच फुटपाथवरची.) स्टिअरिंग वगैरे चैन नव्हती, सगळं किबोर्डवर. त्या गेममध्ये वरच्या एफ बटणांवर मदतीच्या सोयी होत्या. एफ-वनला ब्रेक आपोआप, एफ-टूला गिअर आपोआप. आणि एफ-फोर. एफ-फोर दाबलं की गाडी फुटायचीच नाही. कशीही आदळा, कठड्याला घासा, गाडी शाबूत. आम्ही रात्र रात्र एफ-फोर लावून मोनॅको खेळलो. भिंत म्हणजे आम्हाला टेकू होती. वळण घेता आलं नाही तर भिंत घेऊन देते, हे हाताला इतकं सवयीचं झालं की ब्रेकची बोटं आळशी झाली.

त्या वर्षीच्या गणपतीत आगाशीला काकांकडे जायचं होतं. बाबांची चेतक, मागे बहीण. ती नववीत. मांडीवर मोदकांचा डबा, एक हात डब्यावर, एक हात माझ्या खांद्यावर. रिमझिम पाऊस. गिरीज सोडलं आणि माझ्या डोक्यात सुरू झालं. हे मासने. हे मिराबो. मी मोठ्याने बोलत होतो. बहीण हसत होती, आणि मधेच म्हणत होती, "दादा, हळू."

चार-पाच वळणं झकास गेली. तेच वाईट झालं. १९८८ साली आयर्टन सेनाचं मोनॅकोत असंच झालं होतं. आदल्या दिवशी त्याने दुसऱ्या नंबरच्या प्रॉस्टपेक्षा जवळजवळ दीड सेकंद जलद फेरी मारलेली. शर्यतीत तो पाऊण मिनिटाहून जास्त पुढे. टीमने सांगितलं, आता सावकाश ये. आणि सदुसष्टाव्या फेरीला, मागे कोणी नसताना, पोर्तिएला तो कठड्यावर गेला. जगातला सगळ्यात चांगला चालक, आणि धोका टळला असं वाटलं त्या क्षणी चुकला. म्हणतात की तो पिटमध्ये परतलाच नाही, तिथेच मोनॅकोत त्याचं घर होतं, थेट घरी गेला. अर्थात सेनाशी माझी तुलना चतकोरही होत नाही. त्याच्या चुकीत दुसरं कोणी मागे बसलेलं नव्हतं.

आमच्या पोर्तिएला एका वाडीची दगडी भिंत होती, शेवाळलेली. मी वळता वळता ब्रेक दाबला. मागचं चाक गेलं. भिंत आली. आणि मला अजून आठवतंय, एका क्षणापुरतं मला खरंच वाटलं की घासून निघू.

मला खरचटलं. ती उजव्या हातावर पडली.

मोदक चिखलात. वाडीतून माणसं धावत आली. एका आजींनी तिचा हात आपल्या पदराच्या पट्टीने बांधला, मला एक अक्षर विचारलं नाही. कोणीतरी भाजीच्या टेंपोतून दवाखान्यात नेलं. मनगटाचं हाड मोडलं होतं. बाबा आले, दारातच विचारलं, "काय झालं?" मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "कुत्रं आडवं आलं, बाबा."

त्या दिवसापासून ते कुत्रं आमच्या घराण्यात वाढलं. कोणी म्हणे काळं होतं, कोणी म्हणे पांढरं. काका तर पुढे कित्येक वर्षं त्या वळणावर हॉर्न वाजवायचे. आज हे पहिल्यांदाच लिहितोय. मंडळी, कुत्रं नव्हतं.

आणि हाताचं म्हणाल तर सहा आठवडे प्लॅस्टर होतं, हाड नीट जुळलं. पण सप्टेंबरात तिची इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा होती. एलिमेंटरीला तिला ए ग्रेड होती. घरातली कॅलेंडरं उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूंवर चित्रं काढणारी मुलगी ती. इंटरमिजिएट हुकली. पुढच्या वर्षी दहावी, मग त्यात हे कशाला, मग कॉमर्स, मग लग्न. तिला जे.जे. ला जायचं होतं. कदाचित एरवीही गेली नसती, कोण सांगणार? पण तो 'कदाचित' माझ्या खात्यावर आहे. आणि चोवीस वर्षांत मी तिला एकदाही त्याबद्दल 'चुकलं माझं' म्हटलेलं नाही. तिने मला वाचवलं आणि मी तो विषयच मिटवून टाकला. एफ-फोर दाबलं होतं ना.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. जसंच्या तसं. तो ऐकत राहिला. त्याला आईच्या मनगटाचं माहीत होतं, कुत्र्याचंही माहीत होतं. चित्रांचं माहीत नव्हतं.

"आई चित्रं काढायची?" एवढंच म्हणाला.

मग त्याने मला यान मार्डनबरोबद्दल सांगितलं. हा ब्रिटिश मुलगा गेम खेळून खेळून २०११ ची एक स्पर्धा जिंकला आणि खरोखरचा रेसिंग ड्रायव्हर झाला. त्याच्यावर २०२३ मध्ये सिनेमाही आला. मी म्हटलं, बघ, गेममधून शिकता येतं हे आईला सांगायला चांगलं उदाहरण आहे. तर भाचा म्हणाला, "हो, पण २०१५ मध्ये नुर्बुर्गरिंगला त्याची गाडी हवेत उडून कुंपणापलीकडे गेली आणि एक प्रेक्षक गेला. ते तो खेळायला बसतो तेव्हा रीस्टार्ट होत नसेल ना मामा."

मी काय उपदेश करणार होतो, कपाळ?

एवढ्यात बहीण दारात उभी असल्याचं लक्षात आलं. हातात उलथनं. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"झालं सांगून?" ती म्हणाली.

"झालं," मी म्हटलं. आणि मग, चोवीस वर्षं उशिरा आणि तेही पोरासमोर, जे म्हणायचं ते म्हटलं. फार काही नाही, दोनच शब्द. ती काही बोलली नाही. उलथन्याने मला सरक म्हणून खूण केली आणि खुर्चीत बसली.

"दाखव रे, कुठलं दाबायचं."

भाच्याने गाडी उभी करून दिली. मंडळी, मी ती फेरी जन्मभर विसरणार नाही. मागच्या गाड्यांना ती चक्क बाजूला होऊन वाट देत होती. हेअरपिनला तिने हॉर्न कुठेय विचारलं. बोगद्यात लाइट लावू का म्हणाली. समुद्राकाठी आल्यावर गाडी जवळजवळ थांबवून म्हणाली, "बोटी काय सुंदर काढल्यात रे!" भूत केव्हाच दिसेनासं झालं होतं. टायमिंग ३ मिनिटं ४८. आणि भिंतीला एकदाही लागली नाही. १९ पैकी १९ वळणं. त्या दिवशी मी जवळपास चाळीस फेऱ्या मारल्या, त्यातली एकही अशी नव्हती.

मग जेवायला बसलो. स्कूटरचा निकाल असा लागला: सोळाव्या वर्षी मिळतं ते लायसन ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, आणि तशी गाडी आता दुकानात शोधून सापडत नाही. मोठी स्कूटर दिली आणि पोर सापडलं, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. तेव्हा अठरा म्हणजे अठरा. ताशी २५ च्या आतल्या, बिनलायसनच्या बॅटरीवाल्या स्कूटरचा पर्याय मी सुचवला. "त्यापेक्षा मी चालत जाईन," भाचा म्हणाला. गेम मात्र बंद होणार नाही. हा निर्णय माझा नाही, त्याच्या आईचा. डॅमेज चालू ठेवतो ना, मग खेळू दे म्हणाली.

निघताना भाचा खाली सोडायला आला. म्हणाला, "मामा, आईला रंगांची पेटी घेऊ या? अर्धे पैसे तू दे."

अर्धे कसले, सगळेच देतो म्हटलं. तर म्हणाला, "नाही, अर्धे. तुझे तू, माझे मी."

असो. लांबलं जरा.

जाता जाता एक. आमचे बाबा हा ब्लॉग वाचतात. भाचा मोठ्या अक्षरांत छापून नेऊन देतो. तर बाबा, कुत्रं नव्हतं. चेतकच्या मडगार्डचे जे काय पैसे झाले असतील ते आल्यावर सांगा. आणि काकांनाही सांगा, त्या वळणावर आता हॉर्न नाही वाजवला तरी चालेल.

नाहीतर वाजवू दे. वळण आहेच तसं.